उजव्या पायाचा पोपटी मोजा

साठी जवळ येईपर्यंत माझ्या पायात काही नव्हतं. एक चप्पल होती, ती लग्नाला जायचं असलं तर बाहेर निघायची. बाकी खाडीतला चिखल, होडीतलं पाणी आणि आमच्या दिवाळे गावच्या बंदरावर सुकत घातलेले बोंबील, तिथं चप्पल घालून कोण फिरतो? तळवे असे झाले होते की काच टोचली तर काचेनंच माफी मागावी.

मग खाडीतली मासळी आटली. आमची डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, तोंड हे मोठं आणि शेपटीकडं निमुळतं. ती पाण्यात लावावी आणि वर ओढावी, तर मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. बेलापुरात जिकडं बघावं तिकडं इमारती उगवत होत्या, आणि प्रत्येक इमारतीच्या दारात एक म्हातारा उभा करायची पद्धत पडली होती. मी म्हातारा होतोच. जाऊन उभा राहिलो. वॉचमन झालो.

खाकी शर्ट दिला, पट्टा दिला, शिट्टी दिली आणि काळे बूट दिले. बूट आधीच्या वॉचमनचे होते. तो बूट सोडून पळाला होता. का पळाला ते मला पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत समजलं. बुटाबरोबर मोजे पाहिजेत म्हणून बाजारातून नायलॉनचे घेतले, तर आत पाय शिजले. संध्याकाळी घरी येऊन मोजे काढले आणि शेजारणीनं भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, काय मेलंय म्हणून. मासळी सुकवणाऱ्या गावात माझ्या मोज्यांच्या वासाची तक्रार आली. आता यावरून काय ते समजा.

बायको पोट धरून हसली. ती टोपलीत मासळी घेऊन बेलापुरातल्या सोसायट्यांमध्ये दारोदार विकायची. तिच्या गिऱ्हाइकात एक भाभी होती, रायगडकडच्या मुसलमान घरातली. नवरा न्हावा शेवा बंदरात कंटेनर सोडवायच्या कामात. या भाभीच्या हॉलमध्ये दुपारी बायकांचा विणकामाचा वर्ग भरायचा. तिच्याकडं सुयांबरोबर एक फॉरेनची चीज होती. नवऱ्यानं कुणा बोटीवरच्या माणसाकडून आणलेल्या लाकडी रिंगा.

वाडग्याच्या तोंडाएवढी गोल कडी, तिच्यावर सभोवार उभ्या खुंट्या. प्रत्येक खुंटीला धागा गुंडाळायचा. एक फेरा झाला की परत गुंडाळायचा. मग आकड्यानं खालचा फास उचलायचा, वरच्या फासावरून नेऊन खुंटीच्या आत टाकायचा. असं करत राहिलं की रिंगेच्या पोटातून मोजा खाली उतरतो, सोऱ्यातून शेव उतरते तसा. फक्त शेव तळून खाऊन होते तोवर मोजा बोटभर झालेला नसतो.

बायकोनं ती रिंग बघितली आणि टोपली खाली ठेवली. फीच्या बदल्यात निवटी आणि जवळा देऊन वर्गात नाव घातलं आणि एक रिंग घरी आणली.

"पाय द्या हिकरं," ती मला म्हणाली.

"कनाला?"

"माप घ्याचा हाय."

घरात टेप कुठली? तिनं सुकी वाकटी घेतली. वाकटी म्हणजे पट्टीसारखी लांब मासळी. टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली, उरलेला तुकडा मोडला, आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "अवो, यो पाय हाय का वल्हा?"

मापाची वाकटी तिनं खिळ्याला टांगली. संध्याकाळी बोका माप खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत पाय, परत वाकटी. ती वाकटी घेऊनच वर्गात गेली. भाभीनं पंखा बंद केला आणि सगळ्या खिडक्या उघडल्या, असं तिनंच येऊन मला सांगितलं. वर म्हणाली, "त्यांना काय, मापाशी काम."

धागा आणला सुती, पोपटी रंगाचा. आमची होडी होती तसला.

"काला धागा नाय मिलाला?"

"काला त तुमचा पायच हाय. त्यावं काला मोजा घातला त घातला का नाय कसा कलंल?"

बुटाच्या आत कोण बघतंय, म्हणून मी गप्प बसलो. तसा मी घरात गप्पच बसायचो. बोलायचं काम तिचं होतं.

वरचा काठ तिनं दोन टाके सुलट, दोन उलट असा घातला. तो ताणला तर ताणतो, सोडला तर पोटरीला धरून बसतो. खाली एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या फेऱ्याला सुलटाच्या डोक्यावर उलट. त्यानं कापडावर दाणे उठतात. भाभी त्याला साबुदाणा म्हणायची. आमची बाई म्हणाली, "साबुदाना कसला? खवले हायत. जिताऱ्याचे खवले." यावर वर्गात एक दुपार वाद झाला. उपासवाल्या बायका साबुदाण्याकडं, मासे खाणाऱ्या खवल्यांकडं. शेवटी भाभी स्वतःच खवले म्हणायला लागली, कारण जिताडा तिला घ्यायचा होता.

टाचेनं मात्र तिला रडवलं. टाच करायची तर अर्ध्या खुंट्या गप्प ठेवायच्या आणि उरलेल्या अर्ध्यांवर जायचं-यायचं. प्रत्येक खेपेला शेवटची एक खुंटी सोडत जायचं, मग परत एकेक घेत यायचं. तेव्हा कापडाला पिशवी पडते आणि तिच्यात आपली टाच बसते. तिनं टाच केली, भात उतू गेला म्हणून उठली, परत येऊन बसली आणि विसरून दुसरी टाच केली. दोन टाचांचा मोजा झाला. मी म्हटलं, माणसाला नाय चालनार, कोंबऱ्याला दे. तिनं आकडा फेकून मारला. तो माझ्या पाठीत लागला आणि मोजा सगळा उसवून परत घातला गेला.

पण डावा मोजा झाला तेव्हा काय सांगू. पाय घातला आणि बूट एकदम शहाणा झाला. मी डाव्या पायात पोपटी आणि उजव्यात नायलॉन घालून कामावर गेलो. दिवसभर डाव्या पायावरच उभा राहिलो. बगळाच म्हणा.

मग उजवा सुरू केला. काठ झाला, खवले झाले, टाच झाली, एकच झाली. पाऊल अर्ध्यावर आलं. आणि तिला कावीळ झाली. डोळे पिवळे दिसले तेव्हा ती म्हणाली, हळद लागलीय बघा, परत लगीन लावा. दवाखान्यात नेली. ती परत आली नाही.

लोक आले, बसले, बोलले, गेले. भिंतीवर खिळ्याला रिंग लटकत होती आणि तिच्या पोटातून अर्धा पोपटी मोजा खाली लोंबत होता. त्याच्याकडं बघितलं की वाटायचं, बाई पाणी भरायला गेलीय, येईल आणि पुढचा फेरा घालील. मी खिळ्याला हात लावला नाही.

कामावर गेलो तो डावा पोपटी, उजवा उघडा. उजव्याला नायलॉनचा घालून बघितला होता, तो खाडीत फेकून दिला. सुपरवायझर साताऱ्याकडचा होता, बुटांच्या पॉलिशवर त्याची फार नजर.

"मामा, दुसरा मोजा कुठाय?"

"होतोय."

"कुठं होतोय?"

"खिल्ल्यावर."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं आणि निघून गेला. म्हातारीमागं म्हाताऱ्याचं डोकं गेलं असं त्यानं सगळ्या इमारतीत सांगितलं. बरंच झालं. लोक गाडीचा हॉर्न हळू वाजवायला लागले.

भाभी भेटायला आली. खिळ्याकडं बघून म्हणाली, "काका, द्या माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत पुरा करून देते."

मी म्हटलं, "नको. तिच्या टाक्यावं दुसऱ्याचा टाका नको."

"मग तुम्ही करा."

"माजा पन नको. हाय तसा ऱ्हाऊंदे."

तिनं मला रिंग जवळून दाखवली. प्रत्येक खुंटीवर एक मोकळा फास होता, कुठं गाठ नाही. "हे नुसते अडकलेत, काका. खुंटीवरून एक सुटला की खालचा सुटतो, त्याच्या खालचा सुटतो. काकींनी विणलेलं सगळं बघता बघता धागा होऊन हातात येईल. असं ठेवू नका." मी बरं म्हटलं आणि खिळा आणखी वर ठोकला. माझ्या अकलेनं तेवढंच काम झालं.

बोक्याला वरचा खिळा आणि खालचा खिळा सारखाच. तिच्या हातातली मासळी त्या मोज्यात मुरली होती, वास येत असणार. एका दुपारी सकाळपाळी करून घरी आलो, जेवून आडवा पडलो होतो तर धप्प आवाज झाला. बघतो तर रिंग जमिनीवर, बोका पाठीवर उताणा, आणि मोजा त्याच्या चारी पायात. मी वहाण मारली. बोका पळाला. तीन-चार खुंट्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या खालचे टाके सुटत सुटत खवल्यांकडं निघाले होते. शिडीवरून माणूस उतरावा तसे एकेक पायरी. मी नुसता बघत होतो आणि ते उतरत होते.

दोरीवरचे कपड्याचे चिमटे काढले आणि मोज्याला लावले. आणखी लावले. रिंग दोन्ही हातांत पुढं धरली आणि सुटलो. वर खाकी शर्ट, खाली लुंगी, हातात चिमट्यांनी भरलेला पोपटी मोजा. भाभीच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. वॉचमनला वॉचमन अडवतो!

"काय काम हाये?"

"मोजा मरतोय!"

त्यानं वाट सोडली. दुसरं काय करणार बिचारा.

वर वर्ग भरला होता. सोफ्यावर, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर सगळ्या बायका. मला बघून सुया थांबल्या. भाभीनं रिंग घेतली, खिडकीपाशी बसली, एकेक चिमटा काढला आणि बारीक आकड्यानं खालून वर टाके धरत आली. जिथं सुलट तिथं पुढून, जिथं उलट तिथं मागून. शेवटचा फास खुंटीवर चढवला आणि मग तिनं श्वास सोडला.

"नशीब, काकींचा हात घट्ट होता. नाहीतर टाचेपर्यंत गेलं असतं." रिंग तिनं मांडीवरच ठेवली. "आता हे लटकवून ठेवायचं नाही. मी पुरं करू का तुम्ही करता?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या लुंगीकडं पण.

"मी करतो," मी म्हटलं. "मना विनकाम येतं. जन्मभर जाली विनली."

तिथंच घोटाळा झाला.

आधी हात बसावा म्हणून भाभीनं दुसरी रिंग दिली आणि जुना लाल धागा. मी बसलो सोफ्याच्या टोकाला. आता जाळ्यात कसं असतं, प्रत्येक डोळ्याला गाठ. सैल फास ठेवला की मासा गेलाच. माझ्या हातांना दुसरं काही माहीतच नाही. मी प्रत्येक खुंटीला धागा गुंडाळला आणि प्रत्येक खुंटीवर आवळून एक गाठ मारली. फेरा पुरा केला. फार चांगल्या गाठी होत्या, वादळात होडी धरून ठेवतील अशा. मग आकडा घेऊन फास उचलायला गेलो तर उचलेना. जोर लावला. आकडा वाकला.

माझ्या शेजारी सोफ्यावर एक मास्तरीणबाई बसली होती, ती वाकून बघायला लागली. "काका, मोजा विणताय का रिंग बांधून ठेवताय?"

"सैल ठेवला त निसटंल ना."

"काय निसटेल? यात पाय जायचाय, बोंबील नाही."

"पाय पन आत ऱ्हायला पाहिजे का नको?"

"राहील हो. पाय कुठं पळून जातोय?"

"आधीच्या वॉचमनचे दोन्ही पलाले."

भाभीनं कात्री आणली आणि खुंटी खुंटी मोकळी केली. परत धागा दिला. मी परत गाठी मारल्या. डोक्याला समजत होतं, बोटं ऐकत नव्हती. उलट टाक्याला तर माझ्या तोंडातून आमचा गावठी शब्द गेला. धागा फासाच्या खाली आडवा ठेवायचा, वरून आकडा घालून त्याला फासातून बाहेर ओढायचं, जुना फास सोडायचा आणि नवा परत खुंटीवर घालायचा. एवढं सगळं एका टाक्यासाठी. असला शब्द त्या हॉलमध्ये आधी कुणी काढला नसावा. मग भाभी म्हणाली, "काकी पण इथंच अडल्या होत्या. त्यांनी पण हाच शब्द काढला होता." आणि बायका अशा हसल्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं.

सकाळपाळीची ड्यूटी दुपारी सुटली की मी वर्गात जायला लागलो. लाल धाग्याचं एक वाकडं नळकांडं तयार झालं. त्याला टाच नव्हती, तोंड नव्हतं. मास्तरीणबाईनं त्याला हत्तीच्या सोंडेचा मोजा म्हटलं. पण गाठी गेल्या होत्या. भाभीनं ते हातात फिरवून बघितलं आणि उठून आतून पोपटी मोज्याची रिंग आणली.

मी हात शर्टाला पुसले आणि रिंग मांडीवर घेतली. पहिल्या खुंटीवर तिचा फास होता. मी वर माझा धागा गुंडाळला. आकडा घातला. तिचा फास उचलला आणि माझ्या फासावरून आत टाकला. गेला. मग दुसरा.

भाभी सांगत होती, तळव्याला साधी वीण घाला, वरच्या अंगाला खवले. मी सगळीकडंच खवले घातले. हात लागला होता, आता थांबवायचा कशाला? माझे खवले तिच्यासारखे नव्हते. तिचे जिताड्याचे, माझे सुक्या मांदेलीचे. पण होते.

पाऊल पुरं झालं ते घरी. बोटांचा भाग मला ठाऊक होता, निदान मला तसं वाटलं. डोल जाळ्याची शेपटी शिवत नाहीत. ती मोकळी असते आणि दोरीनं बांधतात. मासळी ओतायची वेळ आली की गाठ सोडायची, रिकामी झाली की परत बांधायची. मी सगळ्या फासांतून जाळ्याची सुतळी ओवली, खुंट्यांवरून मोजा उतरवला, तोंड ओढलं आणि वर आमची सुटती गाठ मारली. शेपटी लोंबत ठेवली, सोडायला बरी. दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांत पोपटी घालून ऐटीत कामावर गेलो.

गाठ अंगठ्याखाली आली. सकाळभर मी खडा समजून पाय आपटत होतो. दुपारी गाठ सुटली आणि अंगठा बाहेर. सुतळी बुटातून बाहेर आली आणि माझ्यामागं फरपटायला लागली. सुपरवायझर तिच्या टोकावर उभा राहिला आणि मी जागच्या जागी थांबलो.

"मामा, बूट काढा."

काढला.

"हा मोजा हाय का पायजमा? नाडी कशाला याला?"

"जाल्याला असतेच."

"जाळं बुटात कशाला घातलंय पण?"

लिफ्टसाठी थांबलेले दोघं-तिघं बघायला आले. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, पण त्याला वर उत्तर द्यायचं होतं. म्हणाला, उद्या धड मोजे घालून या, नाहीतर होडीवर जा.

मी मोजा खिशात घातला, परत द्यायला घरून रिकामी रिंग घेतली आणि वर्गात गेलो. भाभीनं तो उलटापालटा केला. सुतळीवर फास सरकत होते. काही चिरडले होते.

"काका, तोंड बंद का नाही केलंत?"

"शेपटी बंद करत नाय. सोडाय लागते."

"सोडून काय ओतायचंय यातनं?"

बायका हसायच्या बेतात होत्या. मग माझ्या तोंडातून निघून गेलं, "बंद केला की संपला ना."

कुणी हसलं नाही. मास्तरीणबाईनं स्वतःच्या विणकामातले टाके मोजायला घेतले, मोजायचे काही नसताना.

भाभीनं मोजा मांडीवर पसरला. "बंद नाही केलात तर झिजेल. आधी तुमचे टाके जातील, मग त्यांचे. त्या दिवशी धावत आलात ते कशाला?" तिनं बोथट सुई काढली, पोपटी धागा ओवला आणि माझ्यापुढं धरला. "मी हात लावणार नाही. तुम्हीच."

सुई एकेका फासातून घातली. सुतळी मागून निघत गेली. सगळा फेरा झाला तसं भाभी म्हणाली, "ओढा."

ओढलं. तोंड मोदकासारखं मिटलं. आतून टाका मारला, आणि एक गाठ मारली. ही गाठ मारायला परवानगी होती, तर मी अशी मारली की मास्तरीणबाई ओरडली, "बास, काका! दोरा तुटेल!"

रिंग रिकामी टेबलावर पडली होती. भाभीनं ती माझ्याकडं सरकवली. "घेऊन जा घरी. आता येतंय तर विणत जा."

"कोनासाठी? मना तिसरा पाय नाय."

पहिली भाभीच हसली, मग बाकीच्या. मी पण हसलो. मला माझाच आवाज ओळखू आला नाही. बायको गेल्यापासून हसायचा आवाज निघालाच नव्हता.

मोजा तिथंच पायात घातला. टाचेपर्यंत मऊ, पुढं माझ्या हाताचा, जाड आणि कडक. दाराशी बसून बूट घालायला गेलो तर उजवा चढेना. मोदक पुढं अडत होता. मास्तरीणबाईनं बुटाची टाच धरली, भाभीनं भिंत धरून माझा खांदा धरला, मागून कुणीतरी "ढकला, काका, ढकला!" म्हणत होतं.

ढकलला. गेला.